गावाचा मुलाणा

इमाम म्हटलं की मदरशात शिकलेला, जमातीनं पगारावर ठेवलेला माणूस आज डोळ्यांसमोर येतो. हेच चित्र अक्कलकोटच्या मुलखातल्या जुन्या गावगाड्याला लावलं तर फसगत होते. आदिलशाही आणि मोगलाई पाहून झाल्यावर हा मुलूख अठराव्या शतकात शाहू छत्रपतींचे मानसपुत्र फत्तेसिंह भोसले यांच्या घराण्याकडे आला. राज्यकर्ते बदलले, तरी देशावरच्या गावांत इमामाची कामं करणारा मुलाणा होताच, आणि तो मशिदीपेक्षा गावाचा अधिक होता. 1826 साली छापलेल्या आपल्या इतिहासात ग्रँट डफनं त्याला सुतार-लोहार, जोशी-गुरवांच्या जोडीनं गावकामगारांत धरलं आहे. मशीद आणि पिराची जागा सांभाळणं, त्यांच्या इनाम जमिनी पाहणं ही कामं त्याच्याकडे होतीच. पण गावाची त्याच्याशी रोजची गाठ पडे ती बकऱ्यापाशी. देवाला कबूल केलेलं किंवा शेताला दिलेलं बकरं तोच कापी, आणि त्यानं कापताना नीयत म्हटल्याखेरीज मराठा घरांत सहसा मटण खाल्लं जात नसे. म्हणजे हलालचा आग्रह मुसलमानांइतकाच बिगरमुसलमान गावकऱ्यांचाही होता. पोथीवाल्यांना, दोन्हीकडच्या, ही गोष्ट अडचणीची वाटावी!

यावर कोणी म्हणेल, हा तर खाटीक. याला विद्वान कसं म्हणायचं? आक्षेप अर्धा खरा आहे. फिक्ह म्हणजे इस्लामी धर्मकायदा जाणणारा, फारसी लिहिणारा माणूस परगण्याच्या कसब्यात असे, काझी म्हणून. वतनाच्या तंट्यांच्या महजरांवर, म्हणजे निवाडपत्रांवर, त्याचा शिक्का दिसतो. मुलाण्याचं ज्ञान नमाज, निकाह, जनाजा आणि बिस्मिल्ला एवढ्यापुरतं असेल. पण गावच्या जोश्यालाही आपण काशीच्या पंडितांच्या मापानं मोजत नाही. मुहूर्त सांगता आला की गावाचं भागे. मुलाण्यालाही तेच माप लावायला हवं.

दुसरा मोह याला सलोख्याची गोड गोष्ट करण्याचा. बलुतं, म्हणजे कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा, हा हक्क होता, खळ्यावर मोजून घ्यायचा, बापाकडून मुलाकडे जाणारा, आणि हक्क आला की भांडणही आलंच. मात्र त्या हक्कामुळेच मुलाण्याचं पोट कोणा एका जमातीच्या मर्जीवर राहिलं नाही. पुढे हे बदललं. इंग्रजी मुलखात 1864 च्या कायद्यानं सरकारनं काझी नेमणं थांबवलं. 1880 च्या कायद्यानं नेमणुकीची वाट पुन्हा उघडली, पण न्यायाचा अधिकार दिला नाही. मधल्या काळात, 1866 मध्ये, देवबंदचा मदरसा सुरू झाला होता, आणि धर्मज्ञानाची सनद आता तिथून मिळू लागली. अक्कलकोट 1948 पर्यंत संस्थान असल्यानं इंग्रजी कायदा तिथे आपोआप चालत नव्हता. पण रोख पैसा आणि बाजार यांना संस्थानची हद्द आडवी येत नव्हती. धान्याचं बलुतं आटलं, तसं गावानं मुलाण्याला पोसणं सुटलं. इमामाचा खर्च जमातीच्या अंगावर आला, आणि खर्च करणाऱ्यानं त्याच्याकडे गावच्या चालीरीतीऐवजी किताबाचं ज्ञान मागायला सुरुवात केली.