वर्दी आधी की भरती आधी? घरातल्या वादातून संशोधनाचा प्रश्न

"विषय कुठून आणायचा?" पीएच.डी.च्या तयारीला लागलेली मुलं मला हे सारखं विचारतात. माझं उत्तर एकच असतं, घरातल्या भांडणातून आणा. आज त्याचं एक उदाहरण सांगतो.

बारामती-इंदापूर रस्त्यावर पहाटे पाचला निघालात, तर भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी कुठंही भरतीची पोरं पळताना दिसतील. १६०० मीटरची वेळ कमी करायची म्हणून चाललेली ही धडपड. त्यातल्या निम्म्यांच्या अंगात मिलिटरी रंगाचे टी-शर्ट आणि चट्ट्यापट्ट्यांच्या पँटी असतात. माझा चुलतभाऊ त्यांच्यातलाच. दोन भरत्या हुकल्या आहेत आणि वय निघून जायला थोडेच महिने उरलेत. दिवाळीत तो तसल्याच शर्टात, खांद्यावर पलटणीचा बिल्ला लावून जेवायला बसला. आमचे अण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. ते ताटावरून म्हणाले, "आरं, ही मिळवून घालायची असती." भाऊ म्हणाला, "अण्णा, अंगात घातली की पाय आपोआप उचलतो." पुढं दोघंही जेवले नाहीत.

आता "घालावी की नाही" हा काही इतिहासाचा प्रश्न नाही, ते मत झालं. पण अण्णांच्या वाक्यात एक गृहीतक दडलंय. कपडा हा सैनिक असल्याचा पुरावा आहे, असं ते धरून चालतात. हे गृहीतक कधी तयार झालं? इथं इतिहासाचा प्रश्न सुरू होतो.

मागं जाऊन पाहू. बारामती तालुक्यातलं सुपे आणि शेजारचं इंदापूर ही भोसले घराण्याच्या इतिहासातली महत्त्वाची ठिकाणं. शिवकालीन घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. सभासद बखरीत २५ बारगिरांवर एक हवालदार अशी रचना दिली आहे. म्हणजे अण्णांचा हुद्दा निदान तेव्हापासूनचा! पण एकसारखा गणवेश ही त्या लष्कराची ओळख नव्हती. माणूस कुणाचा, हे हजेरीच्या कागदावरून आणि सरदाराच्या ओळखीवरून ठरायचं. अंगरखा बघून नाही.

कंपनीच्या फौजेत हे बदललं. मुंबई फौजेच्या शिपायाला लाल कोट मिळाला, पुढं खाकी आली. १८५७ च्या उठावानंतर तीनच वर्षांनी, १८६० साली, भारतीय दंडसंहिता झाली. तिच्या कलम १४० मध्ये सैनिक नसताना सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा गुन्हा ठरला. पण कलम नीट वाचा. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं, हा हेतू असला तरच गुन्हा. नुसता कपडा गुन्हेगार नाही. आज भारतीय न्याय संहितेत हेच कलम १६८ म्हणून आलंय. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतूची अट कायम आहे.

पुढं भर हेतूवरून कपड्याकडं सरकत गेला. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटचा हल्ला झाला. त्यानंतर लष्करानं आवाहन केलं, की नागरिकांनी लढाऊ गणवेशासारखे कपडे घालू नयेत आणि दुकानदारांनी विकू नयेत. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी नवा गणवेश आला आणि त्याच वर्षी लष्करानं त्याच्या डिझाइनची नोंदणी करून घेतली. आता ते डिझाइन परवानगीशिवाय बनवता किंवा विकता येत नाही.

इथंच थांबलो असतो, तर लेख नुसता कायद्याचा झाला असता. माझ्या गाइड म्हणाल्या, "ज्यांना वर्दी नाकारली, त्यांचे कागद पाहिलेस का?" या एका वाक्यानं माझा प्रश्नच फिरला.

मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. शौर्य कमी पडलं म्हणून नाही. 'लढाऊ जाती' ठरवणाऱ्या धोरणात त्यांना जागा नव्हती. बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात, सासवडला १९०२ साली शिवराम जानबा कांबळे यांनी सभा भरवली. १९१० साली जेजुरीच्या परिषदेतून थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडं अर्ज गेला. मागणी होती फौजेत आणि पोलिसांत प्रवेशाची. १९१७ मध्ये, महायुद्धाची गरज पडली तेव्हा, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ पर्यंत ती मोडलीही. महार रेजिमेंट उभी राहायला ऑक्टोबर १९४१ उजाडावं लागलं.

या अर्जांच्या उजेडात अण्णा आणि भाऊ दोघंही वेगळे दिसतात. वर्दीचा मान कापडात नाही, तो भरतीच्या दारात आहे. ते दार कुणासाठी उघडं, कुणासाठी बंद, हे सरकार ठरवतं. अण्णा त्या दारातून आत गेलेले. भाऊ दाराबाहेर, हातात वेळ थोडा. कपडा घालून तो कुणाला फसवत नाही, स्वतःला धीर देतोय.

माझं मत विचाराल तर सरावाला साधा हिरवा टी-शर्ट खुशाल घालावा. लष्कराचं नोंदवलेलं डिझाइन, पलटणीचा बिल्ला, हुद्द्याच्या फिती मात्र घालू नयेत. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी नोकरीची नोंद आहेत. भावाला एवढंच सांगितलं. त्यानं बिल्ला काढला, शर्ट ठेवला. अण्णांनी पहिल्यांदाच त्याची पळण्याची वेळ विचारली.

तुमच्यासाठी तीन कामं. घरातला एक वाद घ्या. त्यात दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य केलेली गोष्ट कोणती, ती एका वाक्यात लिहा. मग ती गोष्ट ज्यांच्यावर उलटली, त्यांचा कागद शोधा. माझा अनुभव असा, की तिसरं काम आपण सगळेच शेवटावर ढकलतो. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.