कडी नसलेला दरवाजा

डिचोली तालुक्यात पिळगावजवळ सारमानस आहे. फेरीबोटीच्या धक्क्यामुळे हे नाव बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. ‘मानस’ म्हटले की घाटावरच्या वाचकाला मन आठवेल. गोव्यातल्या खाजन शेतकऱ्याला आठवतो तो बांधातला दरवाजा.

गोव्याच्या नद्या म्हणजे अर्ध्या खाड्याच. पेडण्याच्या एका अंगाला तेरेखोल, दुसऱ्या अंगाला शापोरा. डिचोलीच्या खालच्या गावांना मांडवी. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी नदीतून आत चढते आणि दोनदा उतरते. या पाण्याच्या तोंडाशी, भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन बांध घालून पिकाखाली आणली, तिचे नाव खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर मानली जाते.

बांध घातला की नदी बाहेर राहते, पण पावसाचे पाणीही आत कोंडते, आणि कोकणातला पाऊस काही थोडाथोडका नव्हे. म्हणजे बांधाला भोक तर हवे, पण त्यातून नदी आत शिरता कामा नये.

यावरचे उत्तर म्हणजे मानस. जांभ्या दगडाच्या बांधकामात लाकडी चौकट, आणि तिला नदीच्या बाजूला उघडणारी दारे. भरती चढली की नदीचे पाणीच दारांना चौकटीवर दाबून धरते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर वरचढ होतो, ते दारे बाहेर ढकलते आणि निघून जाते. कडी नाही, राखणदाराची धावपळ नाही, मध्यरात्री कंदील घेऊन बांधावर जाणे नाही. पाणी अडवायचे तेच पाणी दार लावते! खारे पाणी मुद्दाम आत घ्यायचे असेल, तरच माणसाने हात लावायचा.

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याचे आवडते उदाहरण दरवाजाचेच होते. ढकलायचा की ओढायचा हे पाटी वाचल्याशिवाय कळत नसेल, तर चूक माणसाची नव्हे, दरवाजाची. संकेतस्थळे बनवणारे आजही हे पुस्तक वाचतात. मानशीला पाटीची गरज कधी पडली नाही, कारण तिचा मुख्य वापरकर्ता नदी होती.

ही युक्ती एकट्या गोव्याची आहे असा दावा करायचे कारण नाही. नेदरलँड्समध्ये व्लार्डिंगेनला उत्खननात पोकळ ओंडक्याला झडप बसवलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोऱ्या सापडल्या. भरतीशी गाठ पडली की माणसे दूरदूरच्या किनाऱ्यांवर त्याच उत्तरापाशी पोचतात. गोव्यातला पुरावाही जुना आहे. बांदिवड्याला मिळालेल्या, कोकण मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या सहाव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख येतो. पोर्तुगीज आले तेव्हा खाजने नुसती होती असे नाही, त्यांचा कारभारही चालू होता. तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज त्यांनी १५२६ च्या फोराल या सनदेत लिहून घेतले. डिचोली त्यांच्या हाती पुष्कळ नंतर, १७८१ मध्ये आली आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून.

खरी कारागिरी दारापेक्षा त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेत होती. चिखलाचा बांध खेकडे पोखरतात, लाकूड कुजते, लाटा माती ओढून नेतात. मानस म्हणजे दरवर्षी डागडुजी मागणारी वस्तू. ती डागडुजी गावकरी या गावसंस्थेच्या कारभारातच धरलेली असे. त्या बदल्यात खाजन वर्षभर काही ना काही देई: पावसाने मिठाचा अंश धुऊन निघाला की कोरगुटसारखे खारे सोसणारे भात, उन्हाळ्यात काही ठिकाणी मिठागरे. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या नावातच आगर आहे. आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात मासळी. या मासेमारीचा लिलाव होई, त्याला पावणी म्हणतात.

गोम इथेच आहे. भाताला खारे पाणी नको, मासळीला हवे. मानशीची दारे कधी मोकळी ठेवायची हे गाव ठरवत होता तोवर दोघांचे जमत असे. पुढे १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने जमीन कसणाऱ्याची झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. पण बांधाची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघटनांकडे गेली आणि अनेक ठिकाणी अधांतरी राहिली. काही गावांत पावणी घेणाऱ्याचा शब्द शेतकऱ्यापेक्षा वरचढ ठरला. कोळंबीसाठी दारे उघडी राहिली, शेते खारट झाली. डिचोलीच्या बाजूला खनिजाच्या बार्जेसची भर पडली. त्यांच्या लाटांनी बांध खचतात, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

बांध एकदा फुटला की खाजनात खारफुटी शिरते. ती तोडायला परवानगी लागते, त्यामुळे ते शेत पुन्हा भातासाठी उभे करणे फार कठीण जाते. मानशीचे दार मात्र एका सुताराचे काम आहे. पेडण्यात किंवा डिचोलीत नदीकाठी जाणे झाले, तर भरतीच्या वेळी बांधावर थांबून दाराकडे पाहा. फटीतून पाणी आत येताना दिसले, तर गावातल्या कुळांच्या संघटनेला तेवढे कळवा.