मोझेलकांठचें निर्भेळ मद्य

जर्मनींतील एखादें लहानसें कुटुंब आपल्या मळ्यांतील द्राक्षांचें मद्य ‘नैसर्गिक’ म्हणून विकूं लागलें, कीं ही अगदीं अलीकडची आवड आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ‘नैसर्गिक मद्य’ हा शब्द जर्मन भाषेंत शंभराहून अधिक वर्षांचा असून त्याच्यापायीं कायदे झाले, संघ निघाले आणि मोठे वादहि माजले. त्याचा इतिहास पाहिला असतां एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. आज जीं लहान कुटुंबें हा शब्द अभिमानानें उच्चारतात, तशाच कुटुंबांना एके काळीं तो मुळींच परवडत नव्हता. हा पालट कसा घडला, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मोझेल नदी ट्रिअर शहरावरून वळणें घेत घेत कोब्लेंट्स येथें ऱ्हाईनला मिळते. तिच्या कांठचे उतार पाटीच्या दगडाचे व फार उभे आहेत. ब्रेम गांवाजवळच्या काल्मोंट नांवाच्या उताराची चढण तर कांहीं ठिकाणीं ६० अंशांहून अधिक भरते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन भरपूर पडतें आणि तेथें रीसलिंग जातीचें द्राक्ष उशिरां कां होईना, पण पिकतें. बाजूच्या दऱ्यांत तेंच द्राक्ष वाईट वर्षीं आंबट राहतें. निसर्गानें केलेला हा पंक्तिप्रपंच पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशीं आहे.

१७९४ नंतर हा प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यांत गेला. १८०२ सालीं त्यांनीं मठांच्या जमिनी जप्त केल्या व पुढें त्या लिलावांत विकल्या. सर्व मुलांस सारखा वाटा देणारा फ्रेंच कायदाहि येथें लागू झाला आणि प्रशियाचें राज्य आल्यावरहि तो १९०० पर्यंत टिकला. त्यामुळें पिढी दर पिढी मळ्यांचे तुकडे होत गेले. १८१८ च्या प्रशियन जकातीनें मोझेलच्या मद्यास संरक्षण मिळालें, तेव्हां शेतकऱ्यांनीं नव्या लागवडी केल्या. परंतु दक्षिण जर्मनीच्या मालाला वाट मोकळी होत जाऊन १८३४ सालीं जर्मन जकात-संघ स्थापन झाला, आणि भाव कोसळले. ट्रिअर येथेंच जन्मलेल्या कार्ल मार्क्सनें १८४३ च्या जानेवारींत ‘ऱ्हाईनिश त्साइटुंग’ या पत्रांत या मळेवाल्यांची दैना मांडली. सरकारनें त्याच वर्षीं तें पत्र बंद पाडलें!

अशा वेळीं लुडविग गाल (१७९१–१८६३) पुढें आला. हा ट्रिअर येथें सरकारी चिटणीस होता, आणि गरिबांच्या स्थितीवर उपाय सुचविणारी पुस्तिका त्यानें १८२५ सालींच लिहिली होती. त्याची युक्ति साधी होती. आंबट रसांत पाणी घातल्यास आंबटपणा उतरतो. त्याबरोबर साखर घातल्यास आंबवतांना तिचा मद्यार्क होतो आणि पाण्यानें गेलेला जोर भरून निघतो. १८५० नंतरच्या दशकांत ही रीत पसरली. ज्याचें पीक वर्षानुवर्षें वायां जात होतें, त्या कुटुंबास हा मोठाच आधार होता.

परंतु जें औषध म्हणून सांगितलें होतें, तें व्यापाऱ्यांनीं आहार केलें. पाणी व साखर घालून थोड्या रसाचें पुष्कळ मद्य होऊं लागलें, आणि ज्यांचें मद्य कांहींहि न मिसळतां उत्तम होई, त्यांनीं ‘नैसर्गिक’ या शब्दाचें निशाण उभारलें. १९०९ च्या कायद्यानें साखरपाण्याचें प्रमाण एकूण द्रवाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावें असें ठरविलें. साखर घातलेल्या मद्यास निर्भेळ म्हणण्याची त्यानें मनाई केली. शिवाय, तें अमुक मळेवाल्याचें पीक आहे असें दर्शविण्याचीहि मनाई केली. पुढच्याच वर्षीं ट्रिअरचा महापौर आल्बर्ट फॉन ब्रुखहाउझेन याच्या पुढाकारानें नैसर्गिक मद्याचा लिलाव करणाऱ्यांचा अखिल जर्मन संघ निघाला.

या संघानें लबाड व्यापाऱ्यांस आळा घातला, हें त्याचें श्रेय कोणीहि नाकारूं नये. पण उत्तम उतार ज्यांच्या हातीं होते, त्यांनाच हें व्रत सोसण्याजोगें होतें. तीन-चार तुकड्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबापुढें वाईट वर्षीं दोनच मार्ग राहत: आंबट रस मातीमोल विकावा, किंवा साखर घालून आपलें नांव गमवावें. वर्षभर त्या कड्यावर पाठीवरून माती वाहणाऱ्या मनुष्यानें आपल्या बाटलीवर आपलें नांव लिहूं नये, यापरतें दुःख कोणतें! या वर्गाची हलाखी इतकी वाढली कीं, २५ फेब्रुवारी १९२६ रोजीं बेर्नकास्टेल येथें मळेवाल्यांनीं करकचेरीवर चाल करून तेथील कागद जाळले, आणि त्यानंतर लवकरच मद्यावरील कर उठला.

१९७१ च्या कायद्यानें हा जुना शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागीं द्राक्षाच्या पक्वतेवरून पायऱ्या ठरविल्या. संघानेंहि पुढें आपलें नांव बदललें. असा पोरका झालेला शब्द अलीकडे लहान कुटुंबांनीं उचलला आहे. मात्र त्याचा अर्थ पालटला. पूर्वी साखर नसली कीं पुरे होई. आतां मळ्यांत रासायनिक फवारे नकोत, बाहेरचें किण्व नको, आणि गंधकहि शक्य तों नको, असें म्हणतात. जुन्या संघाचे सभासद गंधक निःशंकपणें वापरीत! या पालटास हवामानाचीहि साथ आहे. उष्णता वाढल्यामुळें पूर्वी आंबट राहणारीं द्राक्षें आतां बहुतेक वर्षीं पिकतात. गालच्या साखरेची गरजच कमी झाली आहे.

यावरून आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, निर्भेळपणा हा केवळ सचोटीचा प्रश्न नाहीं. वाईट वर्षाचा भार कोण उचलतो, हाहि त्यांत प्रश्न आहे. ज्याला तो भार एकट्यानें उचलावा लागतो, त्याच्याकडून शुद्धतेची अपेक्षा करणें सोपें, पण न्यायाचें नव्हे. आज मोझेलकांठीं एखादें कुटुंब आपल्या बाटलीवर आपलें नांव आणि ‘कांहींहि मिसळलेलें नाहीं’ हें वचन एकत्र लिहूं शकतें. त्याच्या पूर्वजांना या दोहोंस कितीदां तरी मुकावें लागलें होतें, हें त्या बाटलीचें मोल करणाऱ्यानें विसरूं नये.