खिडकी, तावदान आणि अवधान

एका वेळी एकच काम करावे, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि तरीही आपल्याकडे कौतुक झाले ते अष्टावधानी माणसाचे. आठ जणांशी आठ प्रकारची बोलणी चालू ठेवून एकाचाही धागा न सोडणारा माणूस पाहिला, की आपण तोंडात बोट घालतो. संगणकाशी अक्षरांच्या आज्ञांनी बोलणारा मनुष्य आज काळ्या पडद्याची तीनचार तावदाने करून बसतो. एकात तो लिहितो, दुसऱ्यात लिहिलेले तपासतो, तिसऱ्यात दूरच्या एखाद्या यंत्राची नोंदवही उलगडत असते. हे अवधान त्याला कसे लाभले, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण त्याहून अधिक तो विचार करायला लावणारा आहे.

आरंभी प्रश्न अगदी उलटा होता. यंत्र फार महाग, आणि माणसाचा वेळ त्या मानाने स्वस्त. पत्रांना भोके पाडून त्यांचा गठ्ठा यंत्रशाळेत द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे. एका स्वल्पविरामाची चूक झाली, तरी सारा खटाटोप पुन्हा! फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत यावर तोड काढून दाखवली. यंत्राच्या वेळाचे बारीक बारीक तुकडे करून ते अनेकांना आळीपाळीने वाटावयाचे. पाळी इतक्या लवकर परत येते, की प्रत्येकाला यंत्र आपलेच वाटते. एक यंत्र आणि अनेक माणसे, असा हा संसार होता.

परंतु त्या प्रत्येक माणसापुढे संभाषणाचा मार्ग एकच होता. टेलिटाइप नावाचे टंकयंत्र कागदावर सेकंदाला दहा अक्षरे खडखडत उमटवी. बेल प्रयोगशाळेत 1969 साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी जिचा पाया घातला, ती युनिक्स प्रणाली अशाच यंत्रांवर वाढली. टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणण्याची तिची रीत अद्याप सुटलेली नाही. युनिक्समध्ये आज्ञेच्या शेवटी एक चिन्ह लिहिले, की ते काम पडद्याआड चालू राही. मात्र त्याचे उत्तर त्याच कागदावर, हातातल्या कामाच्या मधोमध, येऊन पडे.

पुढे कागद जाऊन काच आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या 1978 सालच्या व्हीटी-100 या टर्मिनलवर 24 ओळी आणि प्रत्येक ओळीत 80 अक्षरे मावत. कागदाचा खडखडाट थांबला. पण पाटी मात्र एकच राहिली. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये 1980 साली जिम कल्प यांच्या कामाच्या आधाराने एक सोय आली : दोन कळा दाबून चालू काम जागीच थांबवावे, दुसरे करावे आणि पुन्हा पहिल्याकडे वळावे. तथापि पाटीवर आधी काय लिहिले होते, ते मनातच ठेवावे लागे.

खरी किल्ली सापडली ती आभासी टर्मिनलात. कार्यक्रमाला वाटते, आपण खऱ्याखुऱ्या टर्मिनलशी बोलत आहोत. वस्तुतः त्याच्या पलीकडे दुसरा एक कार्यक्रमच बसलेला असतो. ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी 1987 साली बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात ‘स्क्रीन’ हा कार्यक्रम रचला, तो याच युक्तीवर. प्रत्येक कामाच्या पडद्याचे चित्र हा मध्यस्थ आपल्याजवळ राखतो आणि मागाल ते चित्र खऱ्या काचेवर उमटवतो. एका काचेआड अनेक पाट्या झाल्या!

यातून आणखी एक मोठा लाभ झाला. पूर्वी टेलिफोनची तार मध्येच तुटली, तर यंत्र त्या माणसाच्या चालू कामांना ‘फोन ठेवला’ असा निरोप धाडी, आणि तासन्‌तास चाललेले काम जागच्या जागी संपे. आता तार तुटली तरी मध्यस्थ जिवंत राहतो आणि कामेही. माणसाने उद्या दुसऱ्या गावाहून यावे आणि सोडलेले सूत्र उचलावे. निकोलस मॅरियट यांनी 2007 साली सुरू केलेल्या ‘टीमक्स’ने या व्यवस्थेला रेखीव घडण दिली : बैठक, बैठकीत खिडक्या, खिडकीत तावदाने. मायक्रोसॉफ्टने 2020 साली आपल्या नव्या टर्मिनलची पहिली पक्की आवृत्ती दिली, तीत टॅब आणि तावदाने दोन्ही होती. यांतला भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. टॅब कामे एकामागे एक ठेवतो, तावदान ती शेजारी शेजारी मांडते. परंतु दोन्ही असूनही मागे मध्यस्थ नसेल, तर खिडकी मिटताच काम संपते.

आता या इतिहासाकडे एकवार मागे वळून पाहावे. 1961 साली एक यंत्र अनेक माणसांत वाटले गेले. आज एक माणूस अनेक कामांत वाटला जात आहे. यंत्राला ही वाटणी साधली, कारण पाळी बदलताना ते आपली सारी स्थिती जशीच्या तशी नोंदवून ठेवते. माणसाजवळ अशी नोंदवही नाही. तावदान त्याला दाखवते की तो कोठवर आला होता. आपण तेथे कशासाठी आलो होतो, हे ते सांगू शकत नाही. म्हणून एकाच कामाची अंगे शेजारी ठेवावी आणि परकी कामे दुसऱ्या बैठकीत न्यावी, हाच यातला शहाणपणा होय. अष्टावधानी माणसाचेही कौतुक आठ या आकड्यासाठी नसते. आठांपैकी एकही धागा त्याच्या हातून तुटत नाही, यासाठी असते.