तग आणि निगा

काचेच्या भांड्यात मासा पाळणे हा शहरी छंद. नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तर तो चैनीचाच, असे सहज म्हटले जाते. मला मात्र या छंदात नगरच्या पाण्याच्या इतिहासाचीच एक छोटी आवृत्ती दिसते.

१४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली आणि पुढे सीनेकाठी हे शहर वसवले. सीना काही बारमाही नदी नव्हे. म्हणून कापूरवाडी, भिंगार, शहापूर या परिसरांतून, केवळ उताराच्या बळावर, खापरी नळांनी शहरात पाणी आणले गेले. मुर्तजा निजामशाहाच्या काळात, १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभा होता. असा तलाव एकदा भरून भागत नाही. पाणी येत राहावे, जात राहावे, नळातला गाळ कोणी तरी काढत राहावा. तरच ते निर्मळ राहते. नळ तुंबले की हौद आधी हिरवा होतो, मग वास मारू लागतो.

फायटर म्हणून आपल्याकडे विकला जाणारा बेट्टा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तेथील भातखाचरे आणि उथळ पाणथळी हे त्याचे घर. १९१० मध्ये चार्ल्स टेट रेगन यांनी त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले. कल्ल्यांखेरीज त्याला आणखी एक श्वसनेंद्रिय असते. त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. ‘हा मासा बरणीतही जगतो’ ही समजूत त्यातूनच निघाली. पण हवा वरून मिळाली तरी अंग पाण्यातच असते. विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो आणि तो कल्ले व त्वचा जाळतो. मासा तग धरतो. निरोगी असतोच असे नाही.

युरोपात हे कोडे टप्प्याटप्प्याने सुटले. १८५० मध्ये लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा एकाच भांड्यात मेळ घालून पाणी टिकवून दाखवले. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे जीवाणू वेगळे ओळखले. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर वस्ती करतात. ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता नगरचे पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातले विहीर-बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. उन्हाळ्यात पाणी आटते, क्षार मागे राहतात. नुसती भर घातली तर जडपणा वाढतच जातो. मुळा धरणाचे नळाला येणारे पाणी क्लोरीनयुक्त. तो माशाला आणि जीवाणूंनाही घातक, म्हणून मी ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवतो. टाकी किमान पंधरा-वीस लिटरची हवी. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यायचा. बेट्ट्याला चोवीस ते अठ्ठावीस अंशांची ऊब लागते. नगरची हिवाळी रात्र दहा अंशांवर उतरते, तेव्हा हीटरला पर्याय नाही.

खापरी नळांचे काम इथे पाळणाऱ्याच्या हातांकडे आलेले आहे: आणणे, निवळवणे, काढून टाकणे. माशाचा काटकपणा पाहून आपण ते टाळतो आणि दोन-तीन वर्षे जगू शकणारा जीव काही महिन्यांत जातो. गावाच्या पाण्याचेही असेच झाले. माणसांनी टँकरवर तग धरला आणि नळांची, बारवांची निगा मात्र सुटली. फराहबागेचा महाल आजही उभा आहे. त्याच्या भोवतीचा तलाव कोरडा आहे.

दुष्काळी मुलखात पाणी बदलणे म्हणजे उधळपट्टी, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. पण टाकीतून काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते, आणि झाडांना ते खतच. माझ्या गच्चीवरची तुळस आणि मोगरा आठवड्यातून एकदा त्याच पाण्यावर पोसले जातात.