राऊटरसाठी पर्यायी फर्मवेअर

राऊटरसाठी पर्यायी फर्मवेअर : घरगुती बिनतारी राऊटरमध्ये निर्मात्याने घातलेली मूळ प्रणाली काढून तिच्या जागी स्वतंत्र प्रकल्पांनी तयार केलेली जी प्रणाली बसवता येते, तिला पर्यायी फर्मवेअर म्हणतात. राऊटर हा एक लहानसा पण पूर्ण संगणकच असतो. त्यात प्रक्रियक, रॅम, रेडिओ चिप आणि वीज गेली तरी मजकूर टिकवून धरणारी फ्लॅश स्मृती असते, आणि या फ्लॅश स्मृतीत साठवलेली प्रणाली म्हणजे फर्मवेअर. घरातील उपकरणांना पत्ते वाटून देणे, वायफायचा पासवर्ड पडताळणे, बाहेरून येणारी अनाहूत वाहतूक अडवणे ही सारी कामे तीच करते. बहुतेक निर्माते एखादे मॉडेल बाजारात आणल्यानंतर काही वर्षांतच त्याची अद्यतने थांबवतात आणि मग यंत्र धडधाकट असूनही त्यातील उघड झालेल्या सुरक्षा-त्रुटी तशाच राहतात. पर्यायी फर्मवेअरकडे वळण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

या चळवळीचा उगम लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरमध्ये आहे. हा राऊटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला आणि त्याचे फर्मवेअर लिनक्सवर आधारलेले असल्याचे जाणकारांच्या लवकरच लक्षात आले. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली वितरित होते, त्यानुसार त्यावर बेतलेली प्रणाली विकणाऱ्याला तिचा स्रोत-मजकूर मागणाऱ्यांना खुला करावा लागतो. त्यामुळे २००३ मध्ये, म्हणजे सिस्को कंपनीने लिंकसिस विकत घेतली त्याच वर्षी, हा मजकूर प्रसिद्ध करण्यात आला. त्याच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला आणि पाठोपाठ डीडी-डब्ल्यूआरटी व टोमॅटो ही फर्मवेअरे आली. पुढे २००५ मध्ये याच राऊटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स सोडून दिले, फ्लॅश ४ मेगाबाइटवरून २ वर आणि रॅम १६ मेगाबाइटवरून ८ वर आणली. मात्र फर्मवेअर बदलणाऱ्या ग्राहकांसाठी जुन्या बांधणीचा डब्ल्यूआरटी५४जीएल हा वेगळा राऊटर काढला. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या, एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन डब्यांच्या आत वेगळी यंत्रे असू शकतात, हा त्या प्रकरणातून मिळालेला धडा आजही निवडीचा पाया आहे.

म्हणून निवडीची सुरुवात राऊटर उलटा करून होते. तळाच्या चिकटपट्टीवर मॉडेलच्या नावापुढे लहान अक्षरांत ‘व्ही२’, ‘व्ही५’ असा आवृत्ती-क्रमांक छापलेला असतो आणि फर्मवेअरची फाइल त्या क्रमांकाशी तंतोतंत जुळावी लागते. त्यानंतर रेडिओ चिप कोणाची आहे हे पाहावे. ज्या मीडियाटेक व क्वालकॉम अ‍ॅथेरॉस चिपांसाठी खुले ड्रायव्हर, म्हणजे चिप व प्रणाली यांना जोडणारे आज्ञासंच, उपलब्ध आहेत, त्यांवर ओपनडब्ल्यूआरटी उत्तम चालते. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांसाठी असे ड्रायव्हर फारच अपुरे असल्याने तेथे ओपनडब्ल्यूआरटीचा आग्रह धरणे चुकीचे ठरते. स्मृतीचा हिशोबही टाळता येत नाही : ४ मेगाबाइट फ्लॅश किंवा ३२ मेगाबाइट रॅम असलेल्या राऊटरांवर ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्या नीट चालत नाहीत आणि खुद्द प्रकल्पच अशा यंत्रांबाबत सावध करतो.

प्रमुख पर्यायांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. ओपनडब्ल्यूआरटी ही खऱ्या अर्थाने एक लिनक्स वितरणप्रणाली असून तीत हवे ते घटक नंतर जोडता येतात, आणि लुसी या नावाच्या वेबपानांवरून बहुतेक मांडणी करता येते. मतभेदांमुळे २०१६ मध्ये त्यातून लेडे हा प्रकल्प फुटून निघाला, पण २०१८ मध्ये दोन्ही पुन्हा एकत्र आले आणि तेव्हापासून त्याच्या प्रकाशनांना शिस्त आली. डीडी-डब्ल्यूआरटीत बहुतेक सोयी आधीपासून अंतर्भूत असतात आणि ब्रॉडकॉमच्या अनेक यंत्रांवरही ते चालते. मात्र त्याच्या सतत निघणाऱ्या चाचणी-आवृत्त्यांपैकी आपल्या यंत्रासाठी विश्वसनीय कोणती, हे ठरवण्याचा भार वापरणाऱ्यावर पडतो. मूळ टोमॅटोचा विकास २०१० मध्ये थांबला. त्याचा वारसा सांगणारे फ्रेशटोमॅटो केवळ ब्रॉडकॉम चिपांच्या यंत्रांसाठी असून त्यातील वाहतुकीचे आलेख फार सुबोध आहेत. असूसच्या ठरावीक राऊटरांसाठी असलेले असूसडब्ल्यूआरटी-मर्लिन हे कंपनीच्याच फर्मवेअरची सुधारलेली आवृत्ती असल्याने त्यात जोखीम सर्वांत कमी असते आणि असूसच्या सामान्य ग्राहकाने पहिल्यांदा त्याचाच विचार करणे शहाणपणाचे आहे. सोयींच्या लांबलचक यादीवरून निवड करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण ती कसोटी कच्ची आहे. आपल्या नेमक्या आवृत्तीसाठी शेवटचे अद्यतन कधी निघाले, हा प्रश्न तिच्याहून कितीतरी महत्त्वाचा आहे.

फर्मवेअर बदलल्याचा प्रत्यक्ष लाभ रांगेच्या नियमनात सर्वाधिक जाणवतो. घरातील एखादा संगणक मोठी फाइल वर चढवू लागला की माहितीचे तुकडे बाहेर पडण्यासाठी राऊटर वा मोडेममधील साठ्यात रांग लावतात, रांग लांबत जाते आणि त्याच वेळी चाललेला व्हिडिओ कॉल तुटक होतो. जोडणीचा वेग पुरेसा असूनही हा त्रास होतो. ओपनडब्ल्यूआरटीतील ‘केक’ ही रांगपद्धती प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देते आणि जोडणीच्या मोजलेल्या वेगापेक्षा किंचित कमी मर्यादा घातली की हा विलंब बहुतांशी नाहीसा होतो. मात्र हे सारे काम प्रक्रियकाला करावे लागते, त्यामुळे जुन्या, एकच गाभा असलेल्या प्रक्रियकाचा राऊटर शेकडो मेगाबिट वेगाच्या फायबर जोडणीला या बाबतीत पुरा पडत नाही.

नवे फर्मवेअर चढवण्याला फ्लॅश करणे म्हणतात. त्यापूर्वी सेवा-कंपनीने इंटरनेटला जोडण्यासाठी दिलेल्या पीपीपीओई खात्याचे नाव व पासवर्ड लिहून ठेवावा, उतरवलेल्या फाइलचा पडताळा-अंक जुळवावा आणि राऊटर संगणकाला तारेने जोडावा, कारण ओपनडब्ल्यूआरटी प्रथम चालू होते तेव्हा वायफाय सहसा बंद असते. १९२.१६८.१.१ या पत्त्यावर त्याचे पान उघडते आणि आरंभी प्रशासकाचा पासवर्डच नसल्याने तो ठेवणे हे पहिले काम असते. मूळ फर्मवेअरवरून येताना ‘फॅक्टरी’ आणि नंतरच्या अद्यतनांसाठी ‘सिसअपग्रेड’ अशा दोन वेगळ्या फाइली असतात. त्यांची अदलाबदल किंवा मध्येच गेलेली वीज यांमुळे राऊटर निकामी होऊ शकतो. बूटलोडर, म्हणजे प्रणालीला जाग आणणारा लहानसा आज्ञासंच, शाबूत असेल तर अनेक राऊटर टीएफटीपी या तारेवरून फाइल पाठवण्याच्या पद्धतीने पुन्हा जिवंत करता येतात. आपल्या मॉडेलसाठी ही सोय आहे की नाही, हे फ्लॅश करण्याआधीच पाहून घेणे आवश्यक आहे.

रेडिओ लहरींचा वापर कायद्याने बांधलेला असल्याने मांडणीत देश-संकेत अचूक निवडावा लागतो. भारतात २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा बराच भाग वायफायसाठी परवानामुक्त झाला, आणि भारताचा संकेत निवडला की फर्मवेअर येथील अनुज्ञेय वाहिन्या व शक्तिमर्यादा पाळते. अमेरिकेत टीपी-लिंक कंपनीने शक्तिमर्यादेच्या उल्लंघनाबद्दल २०१६ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाशी २ लाख डॉलरची तडजोड केली, तेव्हा राऊटरवर पर्यायी फर्मवेअर चालावे यासाठी प्रयत्न करण्याचेही तिने मान्य केले होते.

फायबर जोडणीबरोबर सेवा-कंपनीकडून मिळालेले यंत्र बहुधा कंपनीच्या मालकीचे आणि कुलूपबंद असते. त्यावर प्रयोग न करता त्याच्यामागे स्वतःचा राऊटर जोडणे योग्य. तो नव्याने घ्यायचा असल्यास निवडलेल्या फर्मवेअर-प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील समर्थित यंत्रांची यादी आधी पाहावी, यंत्राचा आवृत्ती-क्रमांक टिपून घ्यावा आणि दुकानात खोक्यावर तोच क्रमांक असल्याची खात्री करूनच पैसे द्यावेत.