अंतर्गत सजावटकाराची जडणघडण : व्यवसाय व अध्यापन यांचा ऐतिहासिक मागोवा

१९७२ साली संसदेने वास्तुविशारद अधिनियम संमत केला. नोंदणी नसलेल्या व्यक्तीस 'वास्तुविशारद' ही उपाधी लावण्यास त्याने मनाई केली. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत 'इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स' ही अंतर्गत सजावटकारांची संस्था स्थापन झाली. मात्र तिच्या सभासदांच्या व्यवसायनामास असे कोणतेही वैधानिक संरक्षण लाभले नाही. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, उपरोक्त अधिनियम उपाधीचे रक्षण करतो. त्या स्वरूपाचे काम इतरांनी करण्यास तो प्रतिबंध करीत नाही. तात्पर्य, अंतर्गत सजावटकार कोणास म्हणावे हे आपल्याकडे कायदा सांगत नाही. त्याला कोणी शिकविले आणि काय शिकविले, यावरच ते बव्हंशी ठरते. म्हणून या व्यवसायाच्या इतिहासाचा विचार त्याच्या अध्यापनाच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

नाशिककरांना याचा आरंभ शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा किंवा चांदवड येथील अहिल्याबाई होळकरांच्या काळातील रंगमहाल पाहिला, तर बांधणारा आणि सजविणारा असा भेद तेथे करता येत नाही. दोन खांबांमधील अंतर म्हणजे 'खण'. वाड्याचे मोजमाप खणांत होई आणि ओसरी, माजघर, दिवाणखाना यांची लांबी-रुंदी त्यावरून ठरे. कोनाडे, फडताळे, खुंट्या ही आजच्या भाषेत 'फर्निचर'च होत. पण ती भिंतीबरोबरच जन्माला येत. बैठक जमिनीवर असल्याने खिडकीची उंची बसलेल्या माणसाच्या नजरेशी जुळविलेली असे. खांबाची तळखडी, तुळईचे टोक, महिरपीची कमान हे सारे एकाच सुताराच्या किंवा त्याच्या मुला-पुतण्याच्या हातचे. हे शिक्षण वर्षानुवर्षे चाले. त्याला प्रमाणपत्र नव्हते, तसेच जातीबाहेरच्यास सहसा प्रवेशही नव्हता. जुन्या कारागिरीचे गोडवे गाताना ही दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो.

१८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून सुरू झालेल्या कलाशाळेने ही चौकट मोडली. १८६५ मध्ये आलेले लॉकवुड किपलिंग यांनी तेथील शिल्पकामास इमारतींच्या सजावटीशी जोडले. १८९१ मध्ये लॉर्ड रे कार्यशाळा सुरू झाल्या आणि लाकूडकाम, धातुकाम यांसारख्या हस्तकला अभ्यासक्रमाच्या कक्षेत आल्या. प्रवेशाचे दार रुंद झाले, हे खरेच. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये याच शाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. चित्रपटाच्या इतिहासात ही घटना तळटीपेपुरती उरली. परंतु भिक्षुकाच्या घरातील मुलाने नाट्यगृहाच्या जागेची कल्पना मांडावी, हे नव्या शिक्षणाविना क्वचितच घडले असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शाळेतून दोन भिन्न वाटा निघाल्या. प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात १९२४ च्या वेम्बली प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी एक संपूर्ण 'भारतीय दालन' सिद्ध केले. चित्रित छत, कोरीव लाकूड असे सारे भारतीय; प्रेक्षक मात्र साम्राज्याच्या राजधानीतले. हे दालन पाहण्यासाठी होते, राहण्यासाठी नव्हे. दुसरी वाट क्लॉड बॅटली यांची. १९२३ ते १९४३ या काळात वास्तुशिक्षणाची धुरा वाहताना त्यांचा स्वतःचा व्यवसायही चालू होता. जुन्या भारतीय इमारतींवर विद्यार्थ्यांना नेऊन त्यांची मोजमापे घेण्यास, रेखाटने करण्यास त्यांनी लावले. व्यवसाय करणारा शिक्षक विद्यार्थ्याच्या हाती नमुन्यांचे पुस्तक न देता मोजपट्टी देतो, हा या विषयातील मोठा धडा होय. याच सुमारास मुंबईत सदनिकांचे युग आले. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाऊन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरविले. कोनाडा गेला, कपाट आले. बैठक गेली, सोफा आला. भिंतीपासून सुटे झालेले सामान कोठे ठेवावे, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात प्रथमच उद्भवला आणि त्याचे उत्तर देणारा व्यावसायिकही त्यासोबत आला.

१९५८ मध्ये वास्तुकला व उपयोजित कला या शाखा मूळ कलाशाळेपासून स्वतंत्र संस्था म्हणून विलग झाल्या. अंतर्गत सजावट मात्र वस्त्र, मृत्पात्र व धातुकाम यांच्या सोबतीने कलाशाळेतच राहिली. माझ्या मते या विभागणीचा परिणाम खोलवर झाला. भिंत बांधणारा एका आवारात आणि भिंतीच्या आतले पाहणारा दुसऱ्या आवारात शिकू लागला. 'सजावट' म्हणजे शेवटी चढवावयाचा मुलामा, ही समजूत त्यातून बळावली. २०२३ मध्ये या तीन संस्था अभिमत विद्यापीठाच्या छत्राखाली पुन्हा एकत्र आल्या. एकाच छताखाली येणे आणि एकत्र शिकविणे या दोन गोष्टी अर्थातच भिन्न आहेत.

नाशिकमध्येही आज अंतर्गत सजावटीचे अभ्यासक्रम शिकविले जातात आणि तेथे शिकविणाऱ्यांपैकी अनेकजण सकाळी वर्ग व सायंकाळी स्वतःचे काम अशी दुहेरी कसरत करतात. विद्यापीठीय मूल्यमापनात त्यांच्या व्यवसायानुभवास पुरेसे गुण मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार रास्त आहे. वस्तुतः बॅटलींच्या परंपरेत तोच शिक्षकाचा मुख्य अधिकार होता. विद्यार्थी संगणकावर खोलीचे देखणे चित्र चटकन तयार करतो. परंतु प्लायवूड कापणाऱ्या मिस्त्रीशी काय बोलावे, हे त्याला प्रत्यक्ष जागेवरच कळते आणि बहुधा त्या मिस्त्रीकडूनच. या मिस्त्रीला मानधन देऊन वर्गात बोलाविण्याची तरतूद अभ्यासक्रमात असावयास हवी.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. जुन्या नाशकातील वाडे दर पावसाळ्यात ढासळतात. भाडेकरू-मालक वादात अडकलेल्या वाड्याची डागडुजी कोणी करीत नाही. पडल्यानंतर खांब-तुळया विकल्या जातात आणि खणाचे माप कायमचे नाहीसे होते. अंतर्गत सजावटीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी इतिहास विभागाच्या सोबतीने दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी एकेक वाडा मोजून काढावा. त्यासाठी मोजपट्टी, कागद आणि मालकाची परवानगी एवढेच लागते. यांपैकी अवघड आहे ती परवानगी.